धाकटीची जीपवाट

विषमज्वरातून मी उठले तेव्हा अंगणातल्या नळापर्यंत चालत गेले तरी दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर हवापालट करा. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच आला. हवा बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं सासूबाईंनी विचारलं. माझे यजमान पूर्णा जंक्शनला तिकीट कचेरीत कारकून होते. त्यांनी दोन दिवस विचार करून माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र घातलं. आठवड्यात उत्तर आलं, की अक्कांना पाठवून द्या, इथल्या हवेत माणूस दोन भाकरी जास्त खातं. माझा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याला रानात न्यायचं नाही असं सासूबाईंनी ठरवलं आणि मीही हट्ट धरला नाही.

मला जायचं नव्हतं, पण त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पोलीस ॲक्शननंतर वर्षभरानं पालमला आमच्या घरी मला पाहायला एक मुलगा आला होता. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. आमच्यासारख्याच लिंगायत घरातला, हैद्राबादला शिकलेला, मोजणी खात्यात लागलेला मुलगा म्हणून अप्पा खूश होते. चहा झाल्यावर त्यानं सगळ्यांसमोर मलाच विचारलं, की माझी नोकरी रानातली आहे, वर्षातले आठ महिने राहुटीत जातात, तुम्हाला चालेल का. मुलीला असं कुणी विचारत नसे. मी खाली मान घालून बसले. पाहुणे गेल्यावर अप्पांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मी सांगितलं की मला पक्क्या भिंतीचं घर पाहिजे. अप्पांनी नकार कळवला. पुढे माझं लग्न पूर्णेला झालं, रेल्वेच्या पक्क्या क्वार्टरमध्ये. चार वर्षांनी तोच मुलगा, अजून बिनलग्नाचा, माझ्या धाकट्या बहिणीसाठी आला. त्यानं तिलाही तेच विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, चालेल.

त्या दोघांच्या राहुटीत मला आता महिनाभर राहायचं होतं.

हैद्राबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबईला जोडला त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. जिंतूरच्या पुढं डोंगरात नदीवर धरण बांधायचं म्हणून मोजणी चालली होती. यजमानांनी मला परभणीहून जिंतूरच्या मोटारीत बसवून दिलं. जिंतूरला उतरले तर समोर एक बिनटपाची जीप उभी होती. तिच्यात स्टिअरिंगच्या चक्राशी माझी बहीण बसली होती आणि शेजारी पांढऱ्या दाढीचे एक ड्रायव्हर होते. ड्रायव्हर खाली उतरले, माझी ट्रंक मागं ठेवली आणि स्वतः ट्रंकेवर बसले. बहीण म्हणाली, "अक्का, पाय घट्ट रोव आन् ह्या लोखंडाला धर."

मला वाटलं गंमत करते आहे, पण तिनं गाडी सुरू केली. लढाईत वापरलेली ती जीप सरकारनं कुठून तरी घेतलेली होती आणि तिचं चक्र डाव्या बाजूला होतं. सडक सोडून आम्ही रानात शिरलो. तिथून पुढं रस्ता नव्हताच. मोजणीसाठी झुडपं तोडून, धोंडे बाजूला सारून जीप जाईल एवढीच वाट केलेली होती. ओढ्याशी आल्यावर ती खाली उतरली, दगड पाहिले, एक धोंडा पायानं ढकलला, परत येऊन गिअरच्या दांडीशेजारची दुसरी आखूड दांडी ओढली आणि गाडी पाण्यातून पलीकडं काढली. पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट होते. ऊन लागून तोंड करपलं होतं. लग्नात बाहुलीसारखी गोरी होती. मला वाटलं, रूप गेलं हिचं. पण त्या विचारानं जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

कँप म्हणजे डोंगराच्या एका सपाट तुकड्यावर सात राहुट्या. भोवती साग, धावडा आणि पळस. स्वयंपाकाला फांद्यांचा मांडव, न्हाणीला कुडाचा आडोसा, प्यायला झऱ्याचं पाणी. मला त्यांच्या शेजारची राहुटी दिली होती. बाजेवर दोन गाद्या होत्या आणि पायाशी सतरंजी. बहिणीनं माझ्यासाठी आरसासुद्धा बांबूला टांगून ठेवला होता. मी आरशात पाहिलं. आजारात केस गळून वेणीची शेपटी झाली होती आणि डोळे खोल गेले होते. तो आरसा तिनं मुद्दाम टांगला असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पहिल्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. तिनं तीन ताटं मांडली. मला वाटलं मेहुणे आणि ड्रायव्हर आधी जेवतील आणि तिसरं ताट मी आजारी म्हणून माझं. तर ड्रायव्हरांचं जेवण त्यांच्या राहुटीत गेलेलं, आणि तिसरं ताट तिचं स्वतःचं. ती नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्याबरोबर, गरम भाकरी खाऊ लागली. पूर्णेला मी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर चुलीपाशी बसत असे. माझी भाकरी गरम असायची ती फक्त मी करत असताना. मेहुणे जेवताना तिला विचारत होते, की खालच्या अंगाच्या वाटेला वळण घ्यावं की सरळ उतरावं. ती घास खात खात म्हणाली, सरळ उतरलात तर चढताना गाडी घसरंल. ते म्हणाले, बरोबर हाय. मी भाकरीचा तुकडा नुसता चिवडत बसले. दोघांना वाटलं तापानं तोंडाची चव गेली असेल. बहीण उठून माझ्यासाठी ताक घेऊन आली.

असे दिवस जाऊ लागले. अंगात ताकद येत होती आणि तिच्याबरोबर दुसरंही काही वाढत होतं. सकाळी न्हाऊन ती एका खडकावर बसून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची. समोर सगळं रान उघडं. मी माझी पूजा घरी दाराआडच्या कोपऱ्यात, सासूबाईंचा आवाज येण्याच्या आत उरकत असे. मोजणीच्या साखळ्या ओढणारे खलाशी तिला बाईसाहेब म्हणत. कुठल्या झाडाचा डिंक खातात ते तिला ठाऊक होतं. शाळेत मी पहिली येत असे आणि ही पाढे चुकायची म्हणून छड्या खायची. तिच्या चुका मी मोजू लागले. भाकरी जाड करते, पदर नीट घेत नाही, ड्रायव्हरांशी मोकळं बोलते. ते ड्रायव्हर अप्पांच्या वयाचे होते आणि तिला बेटी म्हणत. तरीही मी मोजत होते.

मेहुण्यांचं वागणं माझ्याशी सरळ आणि आदराचं होतं. पाहायला येण्याची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही. त्यांना ती आठवत तरी होती की नाही, कोण जाणे. तेही मला लागायचं.

खाली नदीपर्यंत जाणारी नवी जीपवाट त्या वेळी होत आली होती. पंधरा-वीस माणसं रोज सुरुंग लावून खडक फोडत, कडेला दगड रचत. होळीच्या आधी ती पुरी होईल असा अंदाज होता. पुरी झाली की पहिली गाडी बाईसाहेबांनी न्यायची, असं मेहुण्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. ती रोज संध्याकाळी काम कुठवर आलं ते पाहायला चालत जायची. परत आल्यावर मला सांगायची, की आज आंब्यापर्यंत आली, आज मोठ्या खडकाच्या खाली गेली.

माझा तिसरा आठवडा होता. एका दुपारी ती मला घेऊन वरच्या निशाणापर्यंत गेली. डोंगराच्या माथ्यावर मोजणीचं लाल-पांढरं निशाण रोवलेलं होतं. वाट इतकी चढी होती की मला समोर नुसतं आभाळ दिसत होतं. ती दात आवळून, चक्राला लटकल्यासारखी गाडी हाणत होती. वर पोचल्यावर तिनं गाडी बंद केली. खाली सगळीकडं पळस फुललेला होता आणि पलीकडं नदीचं पाणी चकाकत होतं. तिनं बोटानं मला नवी वाट दाखवली. मग म्हणाली, "अक्का, दोन महिने झालेत."

मला आधी कळलं नाही. कळल्यावर मी विचारलं, त्यांना सांगितलंस का. ती नाही म्हणाली. सांगितलं की ते दुसऱ्या दिवसापासून जीपला हात लावू देणार नाहीत. "नदीपोतर एकदा जाऊन येते, मग मीच सांगते. होळीला किती दिस राह्यलेत? तवर तू कुणाला बोलू नको."

मी बरं म्हणाले. उतरताना गाडी दगडावरून आदळली की माझा हात आपोआप तिच्या पोटाकडं जायचा आणि ती हसायची. तेव्हा माझ्या मनात खरोखर काळजी होती. हे मी आवर्जून लिहिते, कारण पुढचं लिहिताना ते खोटं वाटू लागेल.

राहुटीत आले, पडून राहिले. शेजारच्या राहुटीतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मेहुणे नकाशा काढत होते आणि ती त्यांना आकडे वाचून दाखवत होती. मध्येच दोघंही हसली. कशाला हसली ते मला ऐकू आलं नाही. माझे यजमान वाईट नव्हते, पण पाच वर्षांत आम्ही दोघं असं एकत्र कशालाच हसलो नव्हतो. मी उठले, ट्रंकेतून कागद काढला आणि मायला पत्र लिहायला बसले.

पत्रात मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. धाकटीला दोन महिने झालेत, तिनं पाव्हण्यांना सांगितलेलं नाही, रोज जीप हाणते, वाट धोंड्यांची आहे, आज मला बसलेले हिसके मोजता येणार नाहीत, पहिलं बाळंतपण आहे, तुम्ही काय ते बघा. खाली लिहिलं, मी सांगितलं असं कळू देऊ नका. पाकीट चिकटवलं. फार दिवसांनी अक्षर चांगलं आलं म्हणून मला बरं वाटलं.

टपाल न्यायचं काम बहिणीचंच होतं. बाजाराच्या दिवशी ती सडकेपर्यंत जीप नेऊन मोटारीच्या कंडक्टरकडं पिशवी द्यायची. ती माझ्या राहुटीच्या दाराशी आली आणि मला पत्र टाकायचं आहे का विचारलं. मी पाकीट तिच्या हातात दिलं. ते तिनं उलटसुलट केलं.

"मायला? लय दिसांनी. काय लिहिलीस?"

"मी बरी हाय म्हणून."

"माझं पण बरं हाय म्हणून लिहायचं व्हतं की," ती म्हणाली आणि पाकीट पिशवीत टाकून निघून गेली. तिच्या बुटांचा आवाज गाडीपर्यंत ऐकू आला. मी हाक मारू शकत होते. गाडी सुरू व्हायला तेव्हा दोन-तीनदा हँडल मारावं लागायचं, एवढा वेळ माझ्याजवळ होता.

मायला वाचता येत नसे. पत्र अप्पांनी वाचलं, मोठ्यानं, दुकानाच्या मागच्या खोलीत. बायकांची अशी गोष्ट बापाला वाचावी लागली म्हणून माय मला पुढं कितीदा बोलली. पण तेव्हा दोघंही घाबरली आणि आठव्या दिवशी जिंतूरला येऊन उतरली. निरोप आला तसे मेहुणे स्वतः ड्रायव्हरांना घेऊन आणायला गेले. त्यांना वाटलं, आजारी अक्कांना बघायला आले असतील.

गाडी कँपात आली तेव्हा मेहुण्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं की वाटेत अप्पांनी सगळं सांगितलं. बहीण मांडवातून हात पुसत धावत आली. मेहुण्यांनी तिला बाजूला नेलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "मला तू सांगितली न्हाईस. पालमला कळलं, मला न्हाई."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मायच्या हातातलं गाठोडं घेत होते.

तिला पालमला न्यायचं हे ठरवूनच माय-अप्पा आले होते. तिनं वाद घातला नाही, रडलीही नाही. मेहुणेही नको म्हणाले नाहीत. त्यांना भीती वाटत होती आणि रागही आला होता. माय दिवसभर माझं कौतुक करत होती, की थोरली होती म्हणून वेळेवर कळलं. अप्पा म्हणाले, आजारातून उठलेली पोरगी, पण बहिणीवर डोळा ठेवून होती. माझं नाव कळू द्यायचं नाही हे दोघं विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी वाट पुरी झाल्याची वर्दी आली. होळीला अजून बारा दिवस होते. मेहुणे अप्पांना म्हणाले, चला, नदी दाखवून आणतो. अप्पांनी मलाही यायला सांगितलं. बहीण मायजवळ बसून आपली लुगडी घडी करत होती. मी नाही म्हणायला हवं होतं. ती वर न बघता म्हणाली, जा की.

अप्पांना मागं ड्रायव्हरांजवळ बसणं सोयीचं वाटलं, म्हणून पुढच्या जागेवर मी बसले. गाडी मेहुणे हाकत होते. वाटेच्या दोन्ही अंगांना खलाशी उभे होते. त्यांनी आंब्याचे डहाळे बांधले होते आणि एकानं चाकाखाली नारळ फोडला. आम्ही उतरू लागलो. ताजे फोडलेले खडक पांढरे दिसत होते. वळणावर एकदम सगळं पात्र समोर आलं, वाळू, पाणी, पलीकडचे कडे. वारा तोंडावर येत होता आणि मी मेहुण्यांच्या शेजारी होते. त्या घटकेला मला आनंद झाला. आता जास्त चांगले शब्द शोधून तो झाकायची माझी इच्छा नाही. मला आनंद झाला.

गाडी वाळूवर थांबली. अप्पा पाण्याकडं गेले. मेहुणे चक्रावर हात ठेवून बसून राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अक्का, आज हितं ती पायजे व्हती."

ते पुढं म्हणाले, की तुमी लिहिलात ते चांगलंच केलात. ते खरोखर तसं मानत होते. त्यामुळं मला जास्तच कानकोंडं झालं. परतीच्या चढावर मी मागं बसले.

त्याच दिवशी आम्ही चौघं निघालो. जिंतूरच्या मोटारीत बहीण खिडकीशी बसली आणि परभणीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. परभणीला मी पूर्णेच्या गाडीत बसले आणि ते तिघं पालमकडं गेले. घरी सासूबाई म्हणाल्या, हवा मानवलेली दिसते, गाल भरलेत. मुलानं मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

भाद्रपदात बहिणीला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं. बारशाला मी पालमला गेले. बायका पांगल्यावर माय स्वयंपाकघरात गेली आणि खोलीत आम्ही दोघीच राहिलो. ती मुलीला पाजत होती. तीच आधी बोलली.

"मायनं मला तुझं पत्र दाखवलं. मी सोता वाचलं. त्यात खोटं काहीच न्हाई."

मी म्हणाले, मला काळजी वाटली.

"वाटली असंल. पण काळजी वाटली असती तर आधी मला बोलली असतीस, अक्का."

मी पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. तिथं तिला सांगितलं नसतं तर पुन्हा कधी सांगणं झालं नसतं. मी म्हणाले, "मला तुझा हेवा वाटला."

तिनं मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग विचारलं, "कशाचा? त्यांचा?"

म्हणजे माझ्या मनातलं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी नाही म्हणाले, आणि मग थोडाबहुत त्यांचाही म्हणाले. पण सगळ्यात जास्त कशाचा, ते मला शोधावं लागलं. शेवटी मी सांगितलं, "तू कुणाला न विचारता उठून जायचीस, त्याचा."

तिचे डोळे भरले नाहीत, रागही दिसला नाही. "आता कुठं जायलेय मी," ती म्हणाली, आणि मुलीच्या तोंडाशी आलेलं दूध पदरानं पुसलं.

पाचव्या महिन्यात ती मुलीला घेऊन जिंतूरला गेली. तान्ह्या मुलीला राहुटीत नको म्हणून मेहुण्यांनी गावात दोन खोल्या घेतल्या. पक्क्या भिंतीच्या. शनिवारी ते डोंगरातून यायचे आणि सोमवारी जायचे. नदीच्या वाटेवर तोवर ट्रक जाऊ लागले होते. तिनं तिथं जायचं म्हटलं असतं तर त्यांनी नेलंही असतं, पण तिनं म्हटलं नाही असं ते मला एकदा पूर्णा स्टेशनवर भेटले तेव्हा सांगत होते.

आमचं येणं-जाणं तुटलं नाही. संक्रांतीला तिची पत्रं यायची, पंचमीला ती पालमला आली की मीही जायची. मुलगी माझ्या अंगाखांद्यावर खेळायची. बहीण माझ्या पानात भाजी जास्त वाढायची आणि तब्येतीची चौकशी करायची. पाहणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं.

तीन वर्षांनी संक्रांतीला तिनं सगळे मजेत आहोत एवढंच लिहिलं. त्याच महिन्यात मायचं पत्र आलं, अप्पांच्या अक्षरात. धाकटीला सातवा महिना लागला आहे, या खेपेला बाळंतपण जिंतूरलाच करायचं म्हणते, मी पुढच्या महिन्यात तिकडं जाते. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, तुला तिनं कळवलं असेलच.